पडण्याआधी हसणारा माणूस

सोसायटीच्या सर्व सभासदांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, येत्या शनिवारी सायंकाळी ठीक साडेसहा वाजता, बी इमारतीच्या गच्चीवर, एक गृहस्थ शिडीवरून चुन्याच्या पिंपात पडणार आहेत. सभासदांनी सहकुटुंब उपस्थित राहावे. खुर्ची आपापली आणावी. पडणाऱ्यास वाचविण्याचा प्रयत्न करू नये.

ही सूचना कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या फळ्यावर मीच लिहिली आणि खाली सेक्रेटरीबाईंची सही घेतली. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी सूचना दोनदा वाचली आणि विचारलं, "हे गृहस्थ आपले सभासद आहेत का?" ते अमेरिकन आहेत आणि सत्तरेक वर्षांपूर्वीच पडून मोकळे झालेत, असं मी सांगितलं. "मग पोलिसांचा प्रश्न नाही," म्हणत त्यांनी सही केली.

संगणकात वर्षाचे दोनच आकडे लिहिल्यामुळे जग बुडणार होतं आणि ते वाचवायला आमच्यासारख्यांना घाऊक भावात अमेरिकेला पाठवत होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. परतताना बाकीचे अत्तरं, चॉकलेटं, शाम्पू आणत. मी एका जुन्या दुकानातून बोलपटांच्या आधीच्या विनोदी लघुपटांच्या सीडी आणल्या, बुटांचं एक खोकं भरून. वीस-वीस मिनिटांचे चित्रपट. रंग नाही, आवाज नाही, गोष्टही बेताचीच. बायकोने खोकं उघडून पाहिलं आणि म्हणाली, "हे तू विमानाने आणलंस?"

खरं कारण तिलाही माहीत होतं. कारण बाबा होते.

बाबा खडकीच्या एका कारखान्यात सुरक्षा पर्यवेक्षक होते. अपघात होण्याआधी तो दिसला पाहिजे, हे त्यांचं काम. तीस वर्षं ते शिड्यांचे पाय, दोरांच्या गाठी आणि जमिनीवर सांडलेलं तेल बघत आले. निवृत्तीनंतर तीच नजर आमच्या स्वयंपाकघरावर स्थिरावली. कढईचा दांडा ओट्याबाहेर आला की ते उठून तो आत फिरवत, आई पुन्हा बाहेर फिरवी. पुढे वयाने त्यांचे कान गेले. श्रवणयंत्र आणलं, पण ते खराब होऊ नये म्हणून त्यांनी कपाटात ठेवून दिलं.

कान गेल्यावर त्यांनी एक युक्ती काढली. चार माणसांत बसायचं, सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे लक्ष ठेवायचं आणि ते हसले की आपण हसायचं. अर्धा सेकंद उशीर होई, पण कुणाच्या लक्षात येत नसे. मग कसबा पेठेत एका नातेवाइकांकडे भेटायला गेलो. त्यांच्याकडे दुःखद घटना घडली होती. बाबांच्या समोर बसलेल्या मामींचं तोंड पसरलं, खांदे हलू लागले. माणूस रडताना आणि हसताना समोरून किती सारखा दिसतो, हे तोवर मला माहीत नव्हतं. बाबा मोठ्याने हसले.

मामींनी पदर डोळ्यांना लावला, तेव्हा त्यांना कळलं. त्या दिवसापासून ते लग्नाला जाईनात, गणपतीला खाली उतरेनात, घरात पाहुणे आले की आतल्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसत. मला ते पुन्हा चार माणसांत बसायला हवे होते. एवढीच माझी मागणी होती आणि तिच्यासाठी ते खोकं आणलं होतं.

पहिली सीडी घरीच लावली. बाबांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे संशयाने पाहिलं. "माझ्यासाठी आवाज बंद केलास?"

मी ऑफिसच्या छपाईच्या कागदामागे मोठ्या अक्षरांत लिहिलं, "आवाज कुणालाच नाही."

त्यांनी ते वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. "कुणालाच?"

मी मान हलवली. ते खुर्ची पुढे ओढून बसले. पडद्यावर एक रंगारी शिडी घेऊन आला आणि त्याने ती गुळगुळीत फरशीवर टेकवली. बाबा तेवढ्यावरच हसू लागले. रंगारी अजून पहिल्या पायरीवरही चढला नव्हता. आई घाबरून बाहेर आली. रंगारी पुढच्या मिनिटात पडला, तेव्हा बाबांचं हसून झालेलं होतं आणि ते वरच्या फळीवरच्या बादलीकडे बोट दाखवत होते.

इथे वाचकांसाठी माझी शिफारस. हे चित्रपट बघायचे तर छोटे बघा. नायक गरीब, अनाथ आणि प्रेमात पडलेला असेल तर तो लांबडा चित्रपट दुसऱ्या दिवशी बघा. शिडी, बादली, ओली फरशी आणि घाईत असलेला माणूस यांपैकी तीन गोष्टी आहेत की नाहीत, ते आधी बघून घ्या. मागाहून कुणी पियानो चिकटवला असेल तर आवाज बंद करा. आणि जेवल्या जेवल्या बघू नका. मला ठसका लागलेला आहे.

तर शनिवार. ऑफिसचा प्रोजेक्टर मागून आणला, पाण्याच्या टाकीला पांढरी चादर बांधली. थंडीचे दिवस, साडेसहाला पुरेसा अंधार. बाबांना आणायला मला चार कागद लिहावे लागले. ते आले आणि कडेची खुर्ची धरून बसले, उठून जायला सोपी अशी.

आणि मग मी चूक केली. पुण्यात निवेदकाशिवाय कार्यक्रम होत नाही. चार गाणी असली तर पाच निवेदनं लागतात. सोसायटीचा कायमचा निवेदक मी. माइक दिसला आणि माझा ताबा सुटला. "रसिकहो, हा जो इसम आपण पाहत आहात, तो व्यवसायाने रंगारी असून..." असं सुरू झालं. लोक सवयीने माझ्याकडे बघू लागले. पडद्यावर एक माणूस पडायचा, मी तो का पडला ते सांगायचो आणि माझं वाक्य संपल्यावर लोक सौजन्याने हसायचे.

बाबा मात्र पडद्याकडे बघत होते. शिडी टेकवली गेली आणि ते हसले. मोठ्याने, एकटेच. माझं वाक्य तेव्हा निम्म्यात होतं. तीस-चाळीस माना त्यांच्याकडे वळल्या. बाबांनी हसता हसता ते चेहरे पाहिले. एकही हसत नव्हता. त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग खुर्चीच्या दांड्यावर हात टेकून ते उठू लागले.

मी माइक बंद केला. पुढचं मला सुचलं नाही, हे कबूल करतो. सुचलं ते सेक्रेटरीबाईंना. त्या शेजारीच होत्या. त्यांनी बाबांची बाही धरली, पडद्याकडे बोट केलं आणि वर्गात विचारावं तसा हात हलवून विचारलं, काय?

बाबा अर्धवट उभे. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा खणखणीत आवाजात ते म्हणाले, "पाय बघा ना. शिडीचे पाय. बांधलेत कुठे?"

सगळी गच्ची शिडीचे पाय बघू लागली. ते हळूहळू सरकत होते. रंगारी वर शीळ घालत होता, निदान ओठ तरी तसे होते. कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं कुणी. रंगारी पिंपात पडला तेव्हा मागच्या रांगेतला एक जण खुर्चीसकट कलला.

"थांबा," बाबा म्हणाले, "मागून दुसरा फळी घेऊन येतोय. वळणार तो."

तो वळला. बाबा केव्हा खाली बसले, मला कळलं नाही. पुढचे दोन चित्रपट लोक डोळ्याच्या कोपऱ्यातून बाबांकडे बघत होते. ते हसले की आता काय कोसळणार, ते शोधत होते. बाबा मात्र कुणाच्याच चेहऱ्याकडे बघत नव्हते.

मला वाटलं, आता समारोपाचे दोन शब्द तरी बोलावेत. मी माइक उचलून खाकरलो. सेक्रेटरीबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "अहो, तुम्ही नाही आलात तरी चालेल. बाबांना तेवढं पाठवत जा."