शेजारच्या सीटवरचं ‘देखा’

वाळूजच्या पार्किंगमध्ये मी ट्रकची काच पुसत होते, तेव्हा रफिकचा फोन आला. रफिक म्हणजे माझ्या जोडीनं ट्रक चालवणाऱ्या नसीमचा धाकटा भाऊ, गुलमंडीत त्याचं कापडाचं दुकान आहे. “ताई, आपा गेली,” एवढंच तो म्हणाला. मी वेड्यासारखं विचारलं, “कुठं गेली? परवा पुण्याचा माल न्यायचाय आमाला.” पलीकडून दवाखान्यातल्या माणसांचा गलका ऐकू आला. तेव्हा कळलं. हातातलं फडकं मी तसंच काचेवर फिरवत राहिले, किती वेळ कोण जाणे. आमच्या गाडीची काच इतकी स्वच्छ कधीच नव्हती.

नसीमची आणि माझी पहिली भेट स्टेशनवर झाली. दोघी राजस्थानात निघालो होतो. बायकांना जड वाहन शिकवणारी एक शाळा तिकडं होती. आपल्याकडं मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांनी “स्कूटी शिका ना मॅडम” म्हणून मला वाटेला लावलं होतं. मी वेरूळजवळच्या शेतकरी घरातली, ट्रॅक्टरवर हात बसलेली. ती किराडपुऱ्यातली, वडील गेल्यापासून शिलाई मशीनवर घर ओढणारी, आणि चाकाच्या नावाखाली त्या मशीनचंच चाक फिरवलेली. तिच्या अम्मीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पराठ्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “बेटी, ये बोलती बहोत है. संभाल लेना.”

शाळेतला आमचा उस्ताद कडक होता. त्याचा एक नियम होता. चालवणारीनं समोर जे येईल ते मोठ्यानं बोलायचं, ‘बायें सायकल’, ‘आगे भैंस’... आणि शेजारी बसलेलीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ‘देखा’ म्हणायचं. ‘देखा’ आलं नाही, तर गाडी पुढं न्यायची नाही. ट्रकच्या डाव्या अंगाचं चालवणाऱ्याला नीट दिसत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. बाकीच्या मुली लाजायच्या, नसीमला मात्र रान मोकळं मिळालं. बोलायला कोणी परवानगीच दिल्यावर ती कशाला थांबते? जेवायला बसली तरी ‘बायें अचार’. आणि मी ‘देखा’ म्हणेपर्यंत घास तोंडात घालायची नाही, कार्टी!

परत आलो तेव्हा लायसन हातात होतं आणि गाडी द्यायला कोणी तयार नव्हतं. ट्रान्सपोर्टवाले चहा पाजायचे, तोंडभरून कौतुक करायचे आणि ‘बघू’ म्हणायचे. शेवटी एका मालकानं एक जुनी गाडी दिली, तीही “दोघी मिळून एक ड्रायव्हर समजतो” असं ऐकवून. बाहेर आल्यावर नसीम, माझ्या सुनीताचं नेहमीसारखं ‘सुने’ करून, म्हणाली, “सुने, हम आधे आधे हैं. तू कौनसा आधा?” मी म्हटलं, “ब्रेक मारणारा.” पहिल्या खेपेला निघताना तिनं सीटवर एक उशी टाकली. उंचीनं कमी, काचेतून बाहेर दिसेना, म्हणून रफिकच्या दुकानातल्या चिंध्या भरून तिनं ती शिवली होती.

एकदा थंडीतली सकाळ, प्रवरा नदीच्या अलीकडं दाट धुकं, उसाचा हंगाम. मी चालवत होते. डावीकडच्या शेतरस्त्यावरून एक ट्रॅक्टर वर चढला आणि रस्ता ओलांडायला लागला. “बायें ट्रॅक्टर,” मी बोलले, ती “देखा” म्हणाली, मी थांबले. ट्रॉली पलीकडं गेली तशी मी गाडी उचलली, आणि ती ओरडली, “दुसरी ट्रॉली, सुने, दुसरी!” ब्रेकवर उभीच राहिले मी. काचेच्या अगदी समोरून उसाचा ढीग सरकत गेला. मग ती खाली उतरली, पडलेलं एक कांडं उचलून आणलं, आणि आम्ही कडेला बसून दातांनी सोलून खाल्लं. हसत होतो दोघी. त्यानंतर ‘देखा’ आल्याशिवाय माझा पाय ब्रेकवरून कधी निघाला नाही.

घरी तिनं ‘देखा’चा नियम सगळ्यांना ऐकवला होता, पण तिच्या या बडबडीला कोणी उत्तर देत नसे. रफिकच्या स्कूटरवर मागं बसली तरी ‘आगे रिक्षा’, ‘दायें हातगाडी’ सुरूच. रफिक हसून म्हणायचा, “आपा का रेडिओ चालू है.” त्याचं तरी काय चुकलं... रोज वाजणाऱ्या रेडिओकडं कोण लक्ष देतं?

नसीम गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा माणसं पांगल्यावर रफिक माझ्याजवळ येऊन बसला. त्या दिवशी दुपारी औरंगपुऱ्यातून दोघं दुकानाकडं निघाले होते, स्कूटर तो चालवत होता. “ताई, वो बोल रही थी. ‘बायें टँकर’ बोली. मैं चुप. फिर बोली, ‘बायें टँकर, रफिक.’ नाम लेके बोली, ताई... मैं समझा, रेडिओ है.” गल्लीतून पाण्याचा टँकर उलटा बाहेर येत होता. रफिकला नुसतं खरचटलं. “तुझी चूक नाय रे,” मी म्हटलं. पण मला एकच दिसत होतं. ती दोनदा बोलली, म्हणजे मधे थांबली होती. उत्तराची वाट बघितली होती तिनं.

त्यानंतर मला गाडी चालवता येईना. भांडी घासताना, गुरांना पाणी दाखवताना मागून स्वच्छ ‘देखा’ ऐकू यायचं, तिच्याच आवाजात, मी दचकून वळायची. आणि जिथं ते हवं, त्या केबिनमध्ये मात्र शुकशुकाट. पार्किंगमध्येच ‘बायें खांब’ म्हणायची आणि ब्रेकवर पाय दाबून बसून राहायची. मालक तरी किती थांबणार? “सुनीताबाई, तुमच्यानं होत नसंल तर सांगा, गाडी दुसऱ्याला देतो,” म्हणाला. आमची गाडी! जिच्यासाठी अर्ध्या अर्ध्या झालो होतो, ती.

मागच्या आठवड्यात रफिक वाळूजला आला, सिटी बसनं. स्कूटरला त्यानं अजून हात लावलेला नाही. “ताई, मैं बैठूं?” त्यानं विचारलं. नसीमची उशी शेजारच्या सीटवर तशीच होती. तो तिच्यावर बसला नाही, ती उचलून मांडीवर घेतली. मी गाडी चालू केली. “बायें खांब.” मी पाय ब्रेकवर ठेवून वाट बघितली... मग त्यानं मान वळवून नीट पाहिलं आणि म्हणाला, “देखा.” माझा पाय उचलला गेला. फाटकापाशी रिक्षा होती, देखा. पुढं म्हशी होत्या, देखा.

नगर रस्त्याला लागल्यावर गर्दी मागं पडली. डावीकडं नुसती शेतं, समोर रस्ता मोकळा. बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी बोलले नाही. रफिक उशी छातीशी धरून डाव्या आरशात बघत होता. “देखा,” तो म्हणाला. मग थोडं थांबून, हळूच, “देखा, आपा.”