सोमवारच्या आधीची वाक्यं

हे गेले त्याला पंधरा दिवस झाले आणि सोळाव्या दिवशी मी शिकवणी पुन्हा सुरू केली. भिसेगावात त्यावर बरीच कुजबुज झाली. होऊ दे. मला कशाचंच काही वाटत नव्हतं. दाढ काढायच्या आधी सुई मारली की गाल आपला वाटत नाही ना, तशी मी सगळीच झाले होते. भेटायला येणाऱ्यांपुढे नुसतं बसून राहण्यापेक्षा हातात खडू घेतलेला बरा, एवढाच विचार केला.

मी शाळेतून निवृत्त झालेली इंग्रजीची बाई; हेही त्याच शाळेत सर होते. घराच्या पुढच्या खोलीत चार-पाच बायकांना बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवते. त्यांतली एक पळसदरीच्या पुढच्या, खालापूरच्या रस्त्यावरच्या गावातली सून. तिच्या नवऱ्याला मी शाळेत शिकवलं होतं, म्हणून सासूने तिला माझ्याकडे पाठवलं. ती एका रिसॉर्टमध्ये चादरी धुवायची. साबणाने बोटांची सालं निघायची. तिथेच रिसेप्शनवर जागा निघाली होती आणि सोमवारी सकाळी मुंबईचे साहेब मुलाखत घ्यायला येणार होते. घरी मात्र तिने चकार शब्द काढला नव्हता. “मिळाली तर सांगीन, बाई. नाय मिळाली तर उगा हसं व्हईल,” म्हणाली होती. ती जागा तिला किती हवी होती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या आठवड्यात मी फळ्यावर बिफोर, आफ्टर, विदाउट, ऑफ हे शब्द घेतले. आपल्याकडे हे सगळं शेपटाला येतं. जाण्याआधी, जेवल्यावर, न विचारता. इंग्रजीत हे शब्द पुढे येऊन उभे राहतात आणि मागून येणाऱ्या क्रियापदाला आयएनजी लावायला लावतात. बिफोर गोइंग, आफ्टर ईटिंग, विदाउट आस्किंग. बायका ‘बिफोर गो’ म्हणून मोकळ्या होतात. “अगं, नुसतं गो काय? आयएनजी कुठं गेलं, माहेरी?” असं ओरडल्याशिवाय माझा तास संपत नाही.

पुस्तकातली वाक्यं माझ्याकडे चालत नाहीत. रोज पाच वाक्यं, आपल्या घरातली आणि खरी, हा माझा नियम. एकीने एकदा गार्डनमध्ये बसून कॉफी पिण्याबद्दल लिहून आणलं. “तुझ्या दारात शेवग्याचं एक झाड आणि कसलं गं गार्डन?” म्हणून मी वही परत दिली. तेव्हापासून सगळ्या खरं तेच लिहितात. नवऱ्याला ओरडायची कशी हौस आहे, ते एकीने लिहिलं तेव्हा खोली हसून हसून थकली होती.

आता मीच फळ्यावर एक खरं वाक्य लिहिलं. दुःखाच्या घरातून निघताना कुणी ‘येते’ म्हणत नाही, गुपचूप चपला घालतात. म्हणून लिहिलं, दे गो विदाउट सेइंग एनीथिंग. बायकांनी माना खाली घातल्या. मी फळा पुसला आणि पुढचा शब्द घेतला.

वह्या मी घरी ठेवून घ्यायची आणि तपासून दुसऱ्या दिवशी द्यायची. पूर्वी शब्द न् शब्द वाचायची. त्या आठवड्यात नजर नुसती आयएनजी शोधायची. दिसलं की लाल टिक, दिसलं की लाल टिक. हात चालत होता आणि मी तिथे नव्हते.

शनिवारी तास संपल्यावर ती सून मागे थांबली. “बाई, वही बघितली का?”

“बघितली. सगळं बरोबर आहे.”

“समदी वाक्यं?”

“हो गं बाई, समदी.”

तिचा चेहरा एकदम उजळला. मुलाखतीसाठी धीर आला असेल, असं मला वाटलं.

बुधवारी ती आली आणि नेहमीच्या जागी बसली. मी मुलाखतीचं विचारलं. “गेले नाय, बाई. घरी पूजा व्हती. दुसरीला घेतलं त्यांनी.” माझं डोकंच फिरलं. “अगं, अक्कल गहाण टाकलीस का? मला सांगायचं नाही?”

तिने वही उघडून माझ्यापुढे सरकवली.

गुरुवारचं वाक्य होतं, सासूने मला न विचारता सोमवारी पूजा ठेवली, विदाउट आस्किंग मी. त्याखाली, तिला सांगायची भीती वाटते, अफ्रेड ऑफ टेलिंग हर. शुक्रवारचं शेवटचं, तुमचा फोन आल्यावर ती ऐकेल, आफ्टर गेटिंग युवर फोन. एकूण एक वाक्याला माझी लाल टिक होती. शेवटच्या वाक्याखाली तर मी व्हेरी गुड लिहिलं होतं.

“तोंडाने का नाही सांगितलंस?”

“तुमच्याकडं येवढं झालेलं. तिथं आपलं काय मागायचं, बाई? पन वही तर तुमी वाचताच.”

मी तास तसाच पुढे चालवला.

दुसऱ्या दिवशी शेअर रिक्षाने तिच्या गावी गेले. ती कामावर गेली होती. सासू अंगणात वाल निवडत बसली होती. खरं सांगते, मी भांडायला गेले होते. कुणावर तरी खापर फोडायचं होतं आणि सासू सोयीची होती. “तुमच्या पूजेपायी सुनेची नोकरी गेली,” मी उभ्या उभ्याच म्हटलं.

“कंची नोकरी?”

मी सगळं सांगितलं. तिने सूप बाजूला ठेवलं.

“अवो बाई, धाकल्याच्या लग्नाची पूजा ती. सोमवारी नाय तर गुरवारी केली आसती. भटजीलाबी गुरवारच सोयीचा व्हता. येक शबूद कुनी सांगाया नको का?” मग काहीतरी आठवून ती थांबली. “तरीच. रविवारी दिसभर माझा फोन घेऊन बसली व्हती. चार्जिंगला लावी, आवाज वाढवी. मी म्हनलं, कुनाचा यायचाय गं? तर म्हनली, बाईंचा येनार हाय.”

मी तिथेच ओट्यावर बसले आणि रडायला लागले. इतकी, की शेजारची बाई कुडाशी येऊन उभी राहिली. सासूने जवळ येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवला. “रडा, बाई, रडा. सरांसारखं मानूस गेलं, रडू येनारच.”

मी तिला तसंच समजू दिलं.