पेराएवढे खलाशी

“अजून भावल्याच खेलते काय गो तुजी पोर?”

शेजारच्या काकूंनी ओटीवर बसल्या बसल्या आईला विचारलं. त्यांच्या आणि माझ्यामध्ये दाराचा पडदा तेवढा होता. काकूंचा नवरा मासेमारीला जातो. किनाऱ्यावरून त्याला हाका मारून मारून आपला आवाज असा मोठा झाला, असं त्या स्वतःच सांगतात.

“भावल्या न्हाईत, सैनिक हायेत ते,” आई म्हणाली.

“मंग तर आनखीनच कठीन. भावल्यांचं निदान लगीन तरी लागतं.”

दोघी खळखळून हसल्या. मी आत श्वास रोखून बसले होते, पण त्यांच्या बोलण्यामुळे नाही. माझ्या चिमटीत औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या बुचावर चिकटवलेला एक माणूस होता, अंगठ्याच्या एका पेराएवढा. मी त्याचा डोळा रंगवत होते. आधी पांढरी आडवी रेघ, मग तिच्यावर गडद तपकिरी ठिपका, आणि मग कातडीच्या रंगाने ती रेघ वरून-खालून खात खात बारीक करायची. ठिपका जरा मोठा पडला तर माणूस घाबरलेला दिसतो, आत सरकला तर तिरळा. त्या दिवशी तो बरोबर पडला. मी भिंग लावलेला पट्टा कपाळावर ढकलला आणि त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्या असत्या तर काकूंना आणखी एक विषय मिळाला असता.

हा नाद मला कॉलेजात लागला. मांडव्याहून बोटीने मुंबईला जायचे तेव्हा एका दुकानात प्लॅस्टिकच्या सैनिकांचा खोका मिळाला. कुठल्याशा युरोपातल्या लढाईतलं पायदळ. लहानपणापासून मी इंग्रजी शाळेत शिकले, आणि या कलेचे सगळे व्हिडिओही इंग्रजीतच, त्यामुळे शिकायला अडचण आली नाही. पायदळ रंगवून झालं, मग घोडेस्वार, मग एक तोफखाना. सगळे गोरे, सगळ्यांच्या अंगावर जाड कोट, आणि माझ्या खोलीत पंख्याखालीही घाम येत होता.

एके दिवशी रंग वाळायची वाट बघत मी खिडकीशी उभी होते. समोर समुद्रात खांदेरी दिसत होती. ती रोजच दिसते. तिच्याकडे पाहताना एकदम वाटलं, अरे, साडेतीनशे वर्षांपूर्वी अशी लढाई तर आपल्या दारातच झाली होती! बेटावर मराठ्यांचा किल्ला उभा राहतोय, इंग्रजांची मोठी जहाजं वाट अडवून बसलीत, आणि आपली लहान होडकी त्यांना चुकवून बांधकामाला सामान पोचवतायत. हाच देखावा करायचा. त्या दिवशी मी दुपारी जेवायचंच विसरले.

पण असे खलाशी कुठल्याच खोक्यात मिळत नाहीत. मग मी युरोपच्या पायदळावर ब्लेड चालवलं. हेल्मेटं उडवली, बूट तासून पावलं काढली, कोटाची बटणं खरवडून पाठी उघड्या केल्या. चालणाऱ्यांना कमरेत कापून वल्ह्यांशी बसवलं. नळ गळला की लावतात ती दोन रंगांची पुट्टी मळून तिची शेवईहून बारीक दोरी वळायची आणि ती डोक्याभोवती गुंडाळायची. बोट ओलं नसेल तर अख्खं मुंडासं बोटालाच चिकटून येतं. माझी पहिली कितीतरी मुंडाशी अशी माझ्या बोटावर शोभली. होडीला आइस्क्रीमच्या काड्या गरम पाण्यात भिजवून वाकवल्या. वल्ही आणि डोलकाठ्या खराट्याच्या हिरांच्या.

मग कातडीचा रंग. बाटलीवर ‘कातडी’ असं लिहिलेला रंग गुलाबी असतो. विटकरी, पिवळी माती आणि काळा मिसळून मी आमच्याकडचा सावळा रंग बनवला. व्हिडिओत सांगतात तसं उजेड पडलेल्या जागी पांढरं मिसळून लावलं, तर माणसं राख फासल्यासारखी दिसायला लागली. वैतागून पांढऱ्याऐवजी थोडा नारिंगी घातला. आणि खांदे उन्हात तापल्यासारखे चमकले! मी तो एक खलाशी घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेले.

आईने कणकेचा हात पुसला, चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं. “घामेजलाय बिचारा,” ती म्हणाली. मला याहून मोठं प्रशस्तिपत्रक कुणी दिलेलं नाही.

समुद्राच्या बाबतीत मात्र ती इतकी मवाळ नव्हती. मी व्हिडिओत बघून सुंदर निळा समुद्र रंगवला होता.

“हा कुठला गो समुद्र? फिरायला गेलेले लोक फोटो टाकतात तिकडचा?”

मी खिडकीतून पाहिलं. जन्मभर पाहिलेला समुद्र, आणि तो निळा नाहीच. चहात शेवाळ कालवल्यासारखा, गढूळ हिरवा, काठाशी तर मातकट. हसू आलं. मी सगळा निळा रंग झाकून टाकला, वर पारदर्शक राळेचा थर ओतला, आणि तो सुकल्यावर लाटांच्या कडेला कापसाचे धागे चिकटवले. माझ्या होड्या पाण्यात उतरल्या. बेटाला किनाऱ्यावरच्या काळ्या दगडाच्या कपच्या लावल्या. त्यांच्यावर अर्धवट तट, आणि तटाच्या टोकाशी दोघे जण एक मोठा दगड बांबूला बांधून खांद्यावरून नेताना. त्या दोघांवर माझा सगळ्यात जास्त जीव होता. मागच्याचे गुडघे मी चार वेळा कापून पुन्हा जोडले, तेव्हा कुठे त्याच्यावर ओझं आल्यासारखं दिसलं.

हे कुणाला दाखवायचं माझ्या मनात नव्हतं. पण काकू वाटीभर सुकट द्यायला आल्या आणि थेट खोलीत शिरल्या. खाली वाकल्या, एका वल्हेकऱ्याशी नाक नेलं.

“आगो, हा पाय बघ कसा फलीला टेकवलाय! आमचं ह्ये आस्सेच बसतात.”

त्या संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या मंडळाचा अध्यक्ष आला. तिशीतला आहे, त्याला सगळे दादाच म्हणतात. तो टेबलाभोवती दोन फेऱ्या मारून थांबला.

“हे तू केलंस? आनि घरात झाकून ठेवलंस? यंदा दिवालीला आपल्या आलीचा किल्ला हाच!”

दिवाळीत गावात आळी-आळींची किल्ल्यांची स्पर्धा असते. मातीचा डोंगर, त्यावर पेरलेली मोहरी, बाजारातले मातीचे मावळे. आमची आळी बक्षिसाच्या जवळपासही कधी गेली नव्हती. मी काही बोलायच्या आत आईच हो म्हणाली. खरं सांगायचं तर मलाही हेच हवं होतं. बक्षीस मिळो न मिळो, हे खलाशी गावाने नीट, जवळून पाहावेत. ज्यांनी तो किल्ला उभा केला ते आपल्यासारखेच दिसत असतील, हे कुणालातरी माझ्याइतकंच एकदम जाणवावं. मला तोंडाने ते सांगता येत नाही. शाळेची भाषा वेगळी, घरातली वेगळी, आळीतली वेगळी. योग्य शब्द सापडेपर्यंत लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. म्हणून तर मी ते रंगवून ठेवलं होतं.

देवळाच्या सभामंडपात टेबल मांडलं. दादाने स्वतः दिव्यांची माळ लावली, आणि पिवळ्या उजेडात माझा गढूळ समुद्र ओला दिसू लागला. लोक येत होते, वाकून बघत होते, एकमेकांना बोटाने दाखवत होते. “ह्याला बघ, पानी काढतोय होडीतनं.” “ह्यो तर पार दमलाय.” मी खांबामागे उभी राहून सगळं ऐकत होते. माझे कान गरम झाले होते, आणि पाय जमिनीवर ठरत नव्हते.

परीक्षक शेजारच्या आळीपर्यंत पोचल्याचा निरोप आला, तेवढ्यात दादा दोन्ही हातांत काहीतरी धरून आला. वर्तमानपत्राचा कागद सोडला. आत आमच्या आळीचे राजे. सिंहासनावर बसलेले, प्लॅस्टरचे, वीतभर उंच. दरवर्षी आमच्या किल्ल्यावर तेच बसतात. दादाने त्यांना नवा सोनेरी रंग दिला होता.

“राजांबिगर किल्ला असतो काय?” तो म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

लहानपणी मीसुद्धा त्या मूर्तीला हार घातलाय. किल्ल्यावर राजे सगळ्यांहून मोठे असायचे आणि त्यात काही चूक आहे असं कधी वाटलं नव्हतं. पण इथे ते बसले असते तर डोलकाठ्या त्यांच्या गुडघ्याला लागल्या असत्या, एका पावलाखाली अख्खी होडी गेली असती. माझी माणसं पुन्हा बाजारातली खेळणी झाली असती. आणि नको म्हणावं, तर राजांना नको म्हटल्यासारखं. ते कोण म्हणणार? निदान मी तरी नाही.

दादाने मूर्ती समुद्रावर धरून पाहिली. मग तटाकडे नेली. सपाट जागा तिथेच होती, फक्त टोकाशी दगड नेणारे ते दोघे मध्ये येत होते.

“ह्यांना जरा काढू काय गो? तोडले तर परत चिकटतील ना?” तो अगदी मायेने विचारत होता. त्याच्या नखाची कड मागच्या माणसाच्या गुडघ्याला लागली.

मी खांबामागून केव्हा निघाले ते मला आठवत नाही. माझा हात दादाच्या मनगटावर होता. काकू बघत होत्या, आई बघत होती. डोक्यात वाक्य इंग्रजीतच तयार होत होतं, स्केलबद्दलचं, म्हणजे मापांच्या प्रमाणाबद्दलचं, बरोबर आणि निरुपयोगी. मी ते सोडून दिलं.

“राजे त्या दिवशी इथं नव्हते, दादा,” मी म्हणाले. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. “त्यांनी ह्या माणसांवर काम सोपवलं होतं. राजांनीच उभं केलंय त्यांना इथं. त्यांना हलवू नका.”