अजबखान्यातला दिवा आणि बायकांचा अभिप्राय

“बाई, लायब्ररीच्या पुस्तकाला हळदकुंकू कोणी वाहिलं?”

सेक्रेटरीसाहेबांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं. कव्हरवर दोन बोटं ठसठशीत उमटली होती, एक पिवळं, एक लाल. मी म्हटलं, “गंगाकाकूंनी.” लपवून काय उपयोग? जुन्नरात हळदकुंकवाची बोटं ओळखायला गुप्तपोलिस लागत नाही.

“प्रेसिडेंटसाहेबांनी पाहिलंय. सोमवारच्या मिटिंगला बायकांचा तास बंद करायचा ठराव आणतायत. म्हणतात, ज्यांना कादंबरी आणि पोथी यांतला फरक कळत नाही, त्यांच्यापुढे पुस्तकं वाचायची कशाला?”

आता हा तास म्हणजे काय ते सांगते. प्लेग ओसरला होता, नव्या शतकाची ती पहिली वर्षं. लायब्ररीत बायका येत नसत, आणि आल्या असत्या तरी वाचता येणाऱ्या फार थोड्या. मला येत होतं. भाऊ पाटी गिरवायला बसला की मी समोर बसायची, त्यामुळे आधी उलटी अक्षरं शिकले, मग सुलटी. कमिटीनं मला कामावर घेतलं ते एवढ्याचसाठी, की रविवारी बाजाराच्या दिवशी दुपारी मागच्या पडवीत बसून बायकांना मोठ्यानं वाचून दाखवायचं. गावातल्या यायच्या तशा बाजाराला आलेल्याही टेकायच्या.

आमचं त्या वेळचं पुस्तक पुण्याहून अभिप्रायार्थ आलेलं. म्हणजे प्रकाशक प्रत फुकट देतो आणि बदल्यात वाचकांचं मत मागतो. गोष्ट एका अजबखान्यातली, म्हणजे म्युझियममधली. तिथला जुना लामणदिवा चोरीला जातो आणि एक पेन्शनर हेडक्लार्क पान चघळत चघळत चोर शोधतो. खून नाही, रक्त नाही. म्हणून तर कमिटीनं ते बायकांसाठी पास केलं होतं.

सेक्रेटरीसाहेब मनाचे मऊ. म्हणाले, “बायकांचा अभिप्राय घेऊन या. त्यात काही दम असला तर मला कमिटीपुढे बोलायला तोंड राहील.”

शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं. रविवारी पडवी भरली. माझ्यासमोर नेहमीप्रमाणे तिघी. गंगाकाकू, साऱ्या आळीला जमवून माझ्याकडून पोथ्या वाचून घेणाऱ्या. कागद करणाऱ्यांच्या घरातली फातिमाबी. आणि आंबेगावच्या डोंगरातून हिरडा विकायला येणारी ठकूबाई. ती टोपली विकून होईतो उशिरा यायची आणि मागचं सगळं पुन्हा सांगायला लावायची.

मी प्रकरण संपवलं. चोर निघाला कपाटावरच्या चिठ्ठ्या लिहिणारा कारकून.

“मी म्हनलंच व्हतं,” फातिमाबी म्हणाली.

“तू तर सगळ्यांनाच चोर म्हनली व्हतीस,” ठकूबाई म्हणाली.

“मंग त्यातच हा बी आला की!”

मी म्हटलं, “भांडू नका गं. अभिप्राय सांगा. पुस्तक कसं वाटलं?”

ठकूबाईचं पहिल्या रविवारपासून एकच म्हणणं. “बाई, त्यो दिवा तितं पेटवत न्हाईत ना?”

“नाही. काचेच्या कपाटात ठेवतात. लोक बघून जातात.”

“मंग ज्यानं नेला त्यानं पेटवाया नेला आसंल. चांगलंच केलं.”

हा अभिप्राय कमिटीपुढे कसा न्यायचा? माझं डोकं दुखायला लागलं. मी पुस्तक मिटलं, तर गंगाकाकूंनी माझा हात धरला.

“अशी मिटू नको. आता पहिल्यातलं थोडं वाच.”

आमच्याकडे रीतच आहे तशी. पोथी संपली की पहिल्या अध्यायाच्या चार ओव्या पुन्हा वाचायच्या. संपली म्हणून पोथी बंद करायची नाही.

“काकू, ही पोथी नव्हे! ह्यावरूनच तर तास बंद व्हायची वेळ आलीय.”

“पोथी नसंल. पर आमी बसून ऐकलंय न्हवं? वाच.”

वाद घालण्यापेक्षा वाचणं सोपं. मी पहिलं पान उघडलं. अजबखान्याचा दरवाजा, म्हातारा पहारेकरी, आणि त्याची बायको. ती रोज दुपारी भाकरी घेऊन येते आणि तो जेवेपर्यंत लामणदिव्याच्या कपाटापाशी बसून राहते.

“थांब,” ठकूबाई म्हणाली. “ही बाई पुडं कुटं गेली?”

मी पानं चाळली. बाई पुढे कुठेच नव्हती. चोरी भर दुपारी झालेली. हेडक्लार्कानं क्युरेटरला विचारलं, माळ्याला विचारलं, टांगेवाल्यालासुद्धा विचारलं. दिव्यासमोर रोज बसणारीला एका शब्दानं विचारलं नाही.

“मेल्यानं सगळं गाव पालथं घातलं,” गंगाकाकू म्हणाल्या, “आन् हिला इचारलं न्हाई!”

सोमवारी मी तोच अभिप्राय मिटिंगमध्ये दाराशी उभी राहून सांगितला. पदर घट्ट धरला होता. ठराव टेबलावर होता.

प्रेसिडेंटसाहेब म्हणाले, “असं पात्रच नाही. मी दोनदा वाचलंय.”

मेंबर एकमेकांकडे बघायला लागले. कादंबऱ्यांनी डोकी बिघडतात, हे साहेबांचं नेहमीचं भाषण. सेक्रेटरीसाहेबांनी पहिलं पान वाचून दाखवलं.

प्रेसिडेंटसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. “त्या दिवशी आली नसेल.”

बाहेर पडवीत कोण उभं आहे ते मला माहीत नव्हतं. खिडकीतून फातिमाबीचा आवाज आला. “रोज येती म्हनून लिवलंय, साहेब! मंग त्या दिवशी नवरा उपाशी ऱ्हायला का?”

आधी हसले ते साहेबच. मग सगळी कमिटी. ठराव कोणी मांडलाच नाही. साहेब म्हणाले, “बाई, तास चालू राहू द्या. हळदकुंकू मात्र पुस्तकाला नको.” आणि पुढच्या रविवारपासून बायकांच्या वेळेलाच त्यांना पडवीलगतच्या खोलीत वर्तमानपत्र वाचायचं असे, खिडकी उघडी टाकून.

अभिप्राय पुण्याला गेला. बऱ्याच दिवसांनी दुसरी आवृत्ती आली, लेखकाच्या आभारासह. आम्ही उत्साहानं पहिलं पान काढलं. पहारेकरी आता भाकरी सकाळीच घरून बांधून आणत होता. बाई पुस्तकातूनच गेली होती.

“आरं द्येवा,” ठकूबाई म्हणाली, “हिलाच चोरली!”

तेव्हापासून कोणी कादंबरी संपवून परत द्यायला आलं, की मी म्हणते, पहिलं प्रकरण परत वाचून आणा. एकदा वाचून चोर सापडतो. लेखक सापडायला दुसऱ्यांदा वाचावं लागतं.