गोठलेला धबधबा आणि गुळपोळ्यांचा डबा

सर्व आप्तेष्टांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, माझ्या सासूबाईंचा ऑपरेशन झालेला गुडघा जर्मनीत सुखरूप आहे. त्यात माझं कर्तृत्व शून्य.

संक्रांतीनंतरचा शनिवार होता. वाल्डॉर्फहून आम्ही तिघं उत्तर श्वार्त्सवाल्डच्या जंगलातला धबधबा बघायला निघालो. निघताना बायकोने मला बाजूला घेतलं. "आईच्या गुडघ्याला काही झालं ना, तर पुण्यात तोंड दाखवू नकोस."

सासूबाईंच्या मांडीवर गुळपोळ्यांचा स्टीलचा डबा होता. खुसखुशीत पोळी धक्क्याने मोडते, म्हणून तो डिकीत ठेवायची मला परवानगी नव्हती.

धबधबा कड्यावरून उतरता उतरता थिजला होता, काचेच्या झुंबरासारखा. मी हात पसरून म्हणालो, "बघा आई!"

त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एवढ्या लांब आणलंत, आणि पाणी बंद?"

"गोठलंय हो."

"मग आधी फोन करून विचारायचं."

परतीची वाट उताराची, बर्फाने निसरडी. बायको गाडी गरम करायला पुढे गेली. मी तिथल्या खानावळीतून लाकडी स्लेज भाड्याने घेतली, डब्यासकट सासूबाईंना तीवर बसवलं आणि दोरी खांद्यावर टाकून ओढू लागलो. साक्षात रथ!

वळणावर असं काही दृश्य दिसलं की फॅमिली ग्रुपवर फोटो टाकणं भागच होतं. "आई, इकडे बघा, हसा!" म्हणत मी फोन धरला. दोन्ही हातांनी. दोरीचा विचार नंतर आला.

स्लेज निघाली.

"कडेला धरा!" मी ओरडलो. पण त्यांचे दोन्ही हात डब्याभोवती. शाल फडफडवत, घसरणाऱ्या दोन जर्मन पोरांना ओव्हरटेक करत, त्या थेट पार्किंगजवळच्या भुसभुशीत बर्फाच्या ढिगात घुसल्या. बायको "आई!" करत धावली. मी मागोमाग, बराचसा पाठीवरून, पोचलो आणि मनातल्या मनात पुण्याचा निरोप घेतला.

सासूबाई कमरेपर्यंत बर्फात. त्यांनी आधी पाय हलवून पाहिला. हलला. मग डबा उघडून पोळ्या एकेक करून बोटाने तपासल्या, आणि सगळ्या उताराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "एकही मोडली नाही! जावईबापू, बघताय काय? ओढा परत वर!"