तात्यांच्या पिकअपच्या उचक्या

तात्यांची पिकअप जोरात नेली तर शहाण्यासारखी चालायची आणि हळू नेली की उचक्या द्यायची. एवढीच तिची तक्रार होती. आता माण ते हिंजवडी गाडी जोरात न्यायला मोकळा रस्ता लागतो, आणि तो मी अजून पाहिलेला नाही.

तात्या म्हणजे माझे घरमालक, आणि मालकसुद्धा. त्यांच्या शेतात हल्ली भाताऐवजी भाड्याच्या खोल्या उगवतात. भाडेकरूंचं सामान हलवायला त्यांनी ही डिझेल पिकअप घेतली, पण स्वतः तात्यांना गाडी येत नाही. (सायकलही येत नाही, पण ते घरात कुणी बोलत नाही.) मी हिंगोलीकडचा. नववीत शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. इकडे आलो तेव्हा जवळ एक पिशवी आणि एक लायसन होतं. तात्यांनी लायसन उलटसुलट बघितलं, डिपॉझिट न घेता खोली दिली आणि गाडीची चावी हातात ठेवली. काकूंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, पहिल्याच दिवशी पिठलं-भाकरी पाठवली. त्या भाकरीची शपथ घेऊन मी ठरवलं, या घराचं एका पैशाचं नुकसान आपल्या हातून होऊ द्यायचं नाही. तेव्हापासून होतंय की काय, ही धास्ती मात्र चोवीस तास!

तर उचक्या. स्पीडब्रेकर आला, गल्ली आली, ट्रॅफिक आलं की गाडी धडधड करायची आणि एकदम गचका द्यायची. शेजारी बसलेल्या तात्यांची मान कबुतरासारखी पुढंमागं.

"काय झालं रं हिला?"

"डिझेलमध्ये पाणी गेलं असंल, तात्या." (मला काडीचं कळत नव्हतं. पण ड्रायव्हर गप्प बसला तर मालकाला शंका येते.)

गाडी बबन मेस्त्रीकडे नेली. बबन मेस्त्रीची तपासायची एक पद्धत आहे. तो स्टेअरिंगला हात लावत नाही. "तू चालव, मी आयकतो," म्हणतो, शेजारी बसतो, डोळे मिटतो आणि डॅशबोर्डला कान लावतो. सगळा पट्टा त्याला फार मानतो. मी चालवली, त्यानं ऐकली, आणि डोळे न उघडताच निकाल दिला, "फिल्टर."

फिल्टर बदलला. "आता लोण्यावानी चालंल!" लोणी पहिल्या चौकापर्यंत चाललं.

पुन्हा कान. "इंजिनाखालचं रबर." बदललं. पुन्हा कान. "क्लच प्लेट." तीही बदलली. चौथ्या वेळी असा गचका बसला की मेस्त्रीचा कानच सुजला, आणि तो म्हणाला, "हिला बाहेरचं काहीतरी हाय." मग काकूंनी मीठ-मोहऱ्यांनी गाडीची दृष्ट काढली आणि बंपरला लिंबू-मिरची बांधली. गाडी उचकी द्यायची तेव्हा आता मिरच्याही नाचायच्या!

इकडे मी धास्तीनं आणखी हळू चालवायला लागलो. उचक्या आणखी वाढल्या.

शेवटी तात्या म्हणाले, "बास झालं. पोरीचं, पल्लवीचं लगीन उरकू दे, सोमवारी ही म्हैस इकून टाकतो."

मी मनात हिशेब मांडला. गाडी गेली की चावी जाणार, चावीमागं खोली जाणार आणि खोलीमागं मी, थेट हिंगोलीला. गावात आईनं तर सांगून ठेवलेलं, पोरगा पुण्यात ट्रान्सपोर्टमध्ये आहे!

लग्न नांद्याला, मुलाकडच्या कार्यालयात. आणि तिथं रुखवत न्यायची जबाबदारी माझ्यावर. काकूंनी दोन महिने खपून मांडणीसाठी काय काय केलं होतं! चकल्यांचा मनोरा, लाडवांचा डोंगर, साखरेचं तुळशीवृंदावन. आणि सगळ्यात वर, आगकाड्यांचा दुमजली बंगला, गॅलरी-जिन्यासकट. बाकीचं मागं बांधून ठेवलं. बंगला काकूंनी मांडीवर घेतला आणि तात्यांच्या आणि माझ्या मधे बसल्या.

"हळू घे रं बाळा."

मी हळू घेतली. धडधड, गच! बंगल्याची गॅलरी गेली.

"आरं, आणिक हळू!"

आणखी हळू घेतली. छप्पर गेलं. मागून काहीतरी गडगडत गेल्याचा आवाज आला. (डोंगर होता.)

"काकू, घट्ट धरा!"

"काय धरू? जिना ऱ्हायलाय नुसता!"

तात्या खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या मानेवरून मला सोमवार दिसत होता.

कार्यालयाच्या फाटकात नवऱ्या मुलाचे चुलते, आण्णा, स्वागताला उभे होते. फेटा बांधलेला, हातात अत्तरदाणी. आण्णांनी सारी हयात एसटी चालवली आणि मग रिटायर झाले. गाडी आत वळताच त्यांनी अत्तरदाणी दुसऱ्याच्या हातात दिली आणि ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर केला.

"थांब! कितव्या गेरात हाय रं?"

"तिसऱ्या."

"आन् पळतीया किती?"

"पळत न्हाई, आण्णा. चालतीया."

"मग तिसरा कशाला? दुसरा टाक की! जीव गुदमारतोय तिचा!"

"तिसऱ्यात डिझेल वाचतं," मी म्हणालो. गावाकडे मला ज्यानं गाडी शिकवली त्यानं हे सांगितलं होतं, आणि आमच्याकडच्या मोकळ्या सडकेवर ते खरंही होतं. तात्यांचं डिझेल वाचवायचं म्हणून मी तीन महिने गल्लीतसुद्धा तिसरा सोडला नव्हता!

आण्णांनी मला खाली उतरवलं, स्वतः बसले आणि पहिल्या-दुसऱ्या गेरात कार्यालयाच्या मैदानाला एक चक्कर मारली. अगदी मुंगीच्या चालीनं. काकू आतच होत्या. मांडीवरचा जिना हललासुद्धा नाही!

वऱ्हाडातल्या नजरा मेस्त्रीला शोधू लागल्या. बबन मेस्त्री आमंत्रण होतं म्हणून आला होता. त्याला एकाएकी जेवणाच्या मांडवाकडे काहीतरी ऐकू आलं.

आत मांडणीपुढं मुलाकडच्या बायका जमल्या. काड्यांच्या ढिगाकडे बघून वरमाय म्हणाली, "ह्यो देखावा कशाचा म्हनायचा, विहीणबाई?"

काकूंनी पदर सावरला. "बांधकाम चालू हाय. पझेशन दिवाळीला."

गल्लोगल्ली टॉवर उठणाऱ्या नांद्यातल्या बायका त्या! सगळ्यांना तत्काळ पटलं. एकीनं तर पार्किंग कुठं आहे तेही विचारलं.

मी मात्र पंक्तीत बसलो नाही. वाढायला घेतलं. जिलेबीचं ताट हातात धरून तात्यांच्या पानापाशी पोचलो आणि तिथंच पाय अडले.

"तात्या, सोमवारी गाडी इकणार का?"

"कशाला इकू? गाडीत काय बिघाड हाय?"

"आन् मला?" मी कसंबसं विचारलं.

तात्यांनी जिलेबी उचलली, माझ्याकडे फेट्यापासून चपलेपर्यंत निरखून बघितलं आणि म्हणाले, "तुला कोन घेनार रं?"

माझी नोकरी अशी शाबूत राहिली. केवळ गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून!