मुस्तफाचं खडप

मालवणच्या बंदरावर मुस्तफा तांडेल दोन गोष्टींसाठी ओळखला जातो: त्याच्या होडीत येणारी तांबोशी आणि त्याच्या चौकशा. माणूस दिसला की याचा प्रश्न तयार. एसटीचा कंडक्टर गाठला तर तिकिटाचं यंत्र दिवसभराची माहिती कुठे पाठवतं हे विचारील. दवाखान्यात गेला तर तपासून झालेलं रक्त पुढे जातं कुठे, हे विचारून नर्सबाईंना भंडावून सोडील. वस्तू चालते कशी यापेक्षा ती पुढे जाते कुठे, याचंच त्याला नवल फार. त्याची बायको हमिदा म्हणते, "ह्येंका न्हेवक फरिश्तो इलो तरी आदी तेकाच इचारतले, वाट खंयसून जाता म्हणान."

असा हा माणूस स्वतः मात्र एका प्रश्नाला कधी सरळ उत्तर देत नसे. होडी किनाऱ्याला लागली, टोपलीत लालभडक तांबोशी दिसली की चार जण विचारायचेच, "खंय गावली?" मुस्तफा मान दक्षिणेला झटकून म्हणायचा, "थंयच, देवबागासमोर." मासे मिळालेले असायचे उत्तरेला. आता याला कोणी खोटं म्हणत असेल तर त्याने बंदर पाहिलेलं नाही. इथे कुणीच आपली जागा सांगत नाही. विचारणाराही खरं उत्तर मिळेल म्हणून विचारत नाही, बरं दिसावं म्हणून विचारतो. आपण 'काय, बरं आहे ना?' विचारतो, तसं.

मुस्तफाची जागा म्हणजे पाण्याखालचं एक खडप, मासे धरून ठेवणारा खडक. त्याच्या बापाने ते शोधलं होतं. होडीतून बघताना डोंगरावरचं एकटं झाड मशिदीच्या मिनारावर आलं की गळ सोडायचा, एवढीच खूण. मुस्तफा, त्याचा पुतण्या आणि दोन खलाशी यांच्या चुली त्या खडपावर चालत.

एक दिवस साध्या कपड्यातले एक साहेब त्याच्या ओटीवर येऊन चहा प्यायले. खातं कुठलं ते त्यांनी सांगितलं नाही. समुद्रात काही वेगळं दिसलं तर फोन करा, म्हणाले, आणि हे कुणाला बोलू नका. मुस्तफाला भलताच अभिमान वाटला. सरकार आपल्याला विचारतंय! लगेच त्याने आपला प्रश्न टाकला, "साहेब, मी सांगितलेलं पुढे कुठे जातं?"

साहेब हसले. "वर," म्हणाले. जाताना त्याला एक विजेरी देऊन गेले.

पुढे एका संध्याकाळी मुस्तफाला एक बिनदिव्याची बोट दिसली. त्याच्याच खडपावर उभी होती. मुस्तफाच्या होडीची चाहूल लागताच इंजिन चालू करून खोल पाण्यात निघून गेली. मुस्तफाने घरी येऊन इमानेइतबारे फोन लावला. बोट केवढी, रंग कसला, इंजिनचा आवाज कसा, सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं, "नेमकी कुठे?"

आणि मुस्तफाच्या तोंडातून, जन्मभराच्या सवयीने, निघून गेलं, "देवबागासमोर."

फोन ठेवल्यावर त्याने जीभ चावली. पण दुरुस्त करायचं म्हणजे खडप सांगायचं. जातील, बघतील, काही दिसणार नाही, परत येतील, अशी त्याने मनाची समजूत घातली. नंतर तीन-चारदा त्याने साहेबांना विचारलं, त्या खबरेचं काय झालं? दर वेळी एकच उत्तर: ते सांगता येत नाही.

काय झालं ते हळूहळू दिसू लागलं. देवबागासमोर गस्तीची बोट घिरट्या घालू लागली. मग तिथे हद्द आखणारी पिवळी पिंपं तरंगू लागली. आणि मग एक हुकूम आला की सुरक्षेच्या कारणास्तव त्या पाण्यात मासेमारी बंद. कसलं कारण, कधीपर्यंत, काही नाही.

भिकाजीची छोटी होडी त्याच पाण्यात कोळंबीची जाळी टाकायची. मोठ्या पाण्यात जाण्याएवढं ना तिचं इंजिन, ना त्याचं वय. तो आणि मुस्तफा एका शाळेत एकाच बाकावर बसलेले. तो ओटीवर येऊन बसला आणि म्हणाला, "तू सगळ्यांका इचारीत फिरतंस मां? मगे माका सांग, माझ्या पाण्यात असा काय गावला तेंका?"

"माका काय म्हायत?" मुस्तफा म्हणाला. ते मात्र खोटंच होतं. त्या रात्री तो जेवला नाही. हमिदाने खोदून विचारलं तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. तिने त्याचं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "खडप आपला. पाणी तेचा. तुमीच बघा."

थोड्या दिवसांनी विधिमंडळाची एक समिती किनाऱ्याच्या सुरक्षेवर होणारा खर्च बघायला आली. सभागृहात मच्छीमारांनाही बोलावलं होतं. निम्मं बंदर लोटलं. अधिकाऱ्यांच्या मागच्या रांगेत विजेरीवाले साहेब बसले होते. त्यांनी मुस्तफाकडे ओळखीचं बघितलंसुद्धा नाही.

भिकाजी उठून कार्यालयातल्या मराठीत म्हणाला, "आमचं पाणी का बंद केलं, एवढंच सांगा."

पुढच्या रांगेतले मोठे अधिकारी म्हणाले, "मिळालेल्या माहितीवरून. माहिती गोपनीय आहे."

समितीत घाटावरच्या एक आमदार होत्या, सावित्रीताई. त्यांनी विचारलं, "आम्हालाही सांगता येणार नाही?"

"नाही, ताई."

"मग गस्तीवर, माहिती आणणाऱ्यांवर जो खर्च दाखवलाय, तो आम्ही तपासायचा कसा?"

"खर्च योग्य झाल्याचा आमच्या खात्याचा दाखला सोबत जोडला आहे."

सावित्रीताईंनी हातातला कागद सगळ्यांना दिसेल असा धरला. "ही बघा, एक ओळ. गुप्त सेवा. दरवर्षी आम्ही या ओळीला हात वर करून मंजुरी देतो. हिच्याखाली काय आहे ते मी निवडून आल्यापासून विचारतेय."

मुस्तफा थक्क होऊन त्यांच्याकडे बघत राहिला. 'वर' म्हणजे कुठे, याचा त्याने कितीदा विचार केला होता! त्याला वाटायचं, तिथे कोणी शहाणी माणसं दिव्याखाली बसून त्याचं बोलणं पारखून घेत असतील. आणि ही वरची बाई तर त्याच्यासारखीच विचारत फिरत होती. त्याला भीतीच वाटली. आपली थाप पकडणारं वर कोणीच नाही.

तो उठला. "ती खबर माझी आहे," तो म्हणाला. "बोट खरी. जागा खोटी. देवबागासमोर काही नव्हतं."

मग त्याने झाड सांगितलं, मिनार सांगितला, खडप सांगितलं. बापाची शिदोरी त्याने निम्म्या बंदरासमोर सोडून ठेवली.

मोठे अधिकारी शांतपणे म्हणाले, "अशी काही खबर होती किंवा नव्हती, यावर मी बोलू शकत नाही. हे गृहस्थ आमच्या संपर्कात आहेत किंवा नाहीत, यावरही नाही."

"अहो, ते स्वतः सांगतायत की चुकलं!" सावित्रीताई म्हणाल्या.

"काय चुकलं ते मान्य करायला आधी ते होतं हे मान्य करावं लागेल, ताई. हे बोलणं नोंदीत घेऊ नये, ही विनंती." समितीच्या अध्यक्षांनी मान डोलावली.

बाहेर पायऱ्यांवर सावित्रीताईंनी मुस्तफाला गाठलं. "मला पटलंय तुमचं. पण नोंदीत नाही म्हटल्यावर आता मलाही ते बोलता येणार नाही. विचारत मात्र राहीन."

"विचारा, ताई," तो म्हणाला. "मला पण कळवा." दोघंही जरा हसली.

भिकाजी फाटकापाशी उभा होता. मारतो की काय, असं मुस्तफाला वाटलं. "तुझ्या तोंडान माझा पाणी गेला," एवढंच तो म्हणाला.

"उद्या माझ्या होडयेत ये," मुस्तफा म्हणाला. "अर्दो वाटो तुझो."

दुसऱ्या दिवशी खडपावर आधीच सात-आठ होड्या उभ्या होत्या. मुस्तफाला पाहून माणसांनी नजरा खाली घातल्या, गळ मात्र कुणी वर घेतले नाहीत. त्यानेही कुणाला हटकलं नाही. भिकाजीला दोन तांबोशी मिळाल्या. त्याने त्या टोपलीत टाकल्या, पण त्याच्या तोंडावर काही उमटलं नाही. परत येताना तो म्हणाला, "जरा देवबागाकडसून घे. बघूक तरी गावांदे."

पिवळ्या पिंपांशी मुस्तफाने इंजिन बंद केलं. गस्तीच्या बोटीवरच्या खलाशाने हात हलवून त्यांना मागे व्हायला सांगितलं. बोलण्यावरून तो इकडचाच होता.

"काय राखतास रे बाबा हयसर?" मुस्तफाने विचारलं.

"माका म्हायत नाय, काका. वरसून सांगलेला आसा."

"वर मीच सांगलंय," मुस्तफा म्हणाला. "चुकीचा सांगलंय. जावा तुमी घराक."

खलाशी खो खो हसला आणि त्याने पुन्हा हात हलवला. भिकाजी पिंपांपलीकडच्या आपल्या पाण्याकडे बघत राहिला.